उसनी कात्री

'इम्युनिटी' हा शब्द २०२० साली आपल्या सगळ्यांच्या घरात शिरला, तो अजून बाहेर जायचं नाव घेत नाही. त्याआधी 'रोगप्रतिकारशक्ती' नावाचा एक लांबलचक शब्द होता, पण तो बापडा शाळेच्या पुस्तकात आणि च्यवनप्राशाच्या जाहिरातीत राहायचा. मग करोना आला आणि काढे, हळदीचं दूध, गुळवेलीच्या गोळ्या... सगळ्यांवर एकच शिक्का बसला, 'इम्युनिटी बूस्टर'. आमच्या कोपऱ्यावरच्या मिठाईवाल्याने तर 'इम्युनिटी लाडू' अशी पाटी लावली होती. डिंकाचेच होते, भाव मात्र दीडपट.

मला ही 'इम्युनिटी वाढवा'ची भाषा तेव्हाही खटकायची आणि आताही खटकते. कारण त्याच दिवसांत आमच्या घरी दर रविवारी रात्री जेवण झालं की आई एक छोटी पिवळी गोळी घ्यायची. अजूनही घेते. आणि ती गोळी आहे इम्युनिटी कमी करण्यासाठी!

आईला आमवात आहे. डॉक्टरांच्या भाषेत ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. वयाने गुडघे झिजतात तो प्रकार वेगळा. यात शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशीच सांध्यांच्या आतल्या अस्तरावर चाल करून जातात. सुरुवात झाली तेव्हा ती ५८ वर्षांची होती. सकाळी उठल्यावर तासभर बोटं वळायची नाहीत. डब्याचं झाकण उघडेना, कणीक मळता येईना, आणि तिला सगळ्यात जास्त लागलं ते म्हणजे सुई धरता येईना. आमच्याकडच्या सगळ्या गोधड्या तिच्या हातच्या. अर्धी शिवलेली एक गोधडी तेव्हापासून माळ्यावर आहे.

आजारपण आलं की निदानं घरोघर होतात. आमच्या नात्यातल्या एका बाईंनी 'मागच्या जन्मीचं देणं' असं निदान केलं (नाव सांगत नाही, त्या हे वाचतात :) ). दुसऱ्या कुणी सांगितलं, 'तू सगळं मनात ठेवतेस, म्हणून असं होतं.' आई कुणाला उलटून बोलली नाही. पण एका रात्री तिने मला विचारलं, "बाहेरचा कुणी शत्रू आला तर समजू शकते गं. पण माझंच सैन्य माझ्यावर का उलटलं? मी असं काय केलं?"

माझी डिग्री झूलॉजीची आणि नोकरी बँकेची, त्यामुळे उत्तर तयार नव्हतं. शोधायला लागले. डॉक्टरी पुस्तकांपासून सुरुवात केली आणि बघता बघता कोंबड्या, मासे आणि तारामासे यांच्यात जाऊन पोचले. कारण 'सैन्य का उलटलं' हे समजायचं तर आधी 'हे असलं सैन्य आपल्याला मिळालं कुठून' हे समजावं लागतं.

पहिली गंमत म्हणजे जगातल्या बहुतेक प्राण्यांकडे हे सैन्य नाहीच. तुमच्या ओट्याखालच्या झुरळाला अँटीबॉडी नसतात. डासाला नसतात, मधमाशीला नसतात, खेकड्याला, गोगलगायीला, गांडुळाला, कुणालाच नसतात. पाठीचा कणा नसलेले सगळे प्राणी, म्हणजे प्राण्यांच्या शंभरातल्या पंचाण्णवांहून जास्त जाती, त्यांच्याशिवाय मजेत जगतात. मग त्यांना जंतू खाऊन कसे टाकत नाहीत? तर त्यांच्याकडे पहारेकरी असतात. इल्या मेचनिकॉफ हा रशियन शास्त्रज्ञ १८८२ साली सिसिलीतल्या मेसिना गावी राहत होता. घरची मंडळी सर्कस बघायला गेली असताना त्याने तारामाशाच्या काचेसारख्या पारदर्शक पिल्लाच्या अंगात गुलाबाचा काटा खुपसला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर काट्याभोवती पेशींचा गराडा पडलेला! परकं काही दिसलं की त्याला घेरायचं आणि गिळायचं, हा पहारा इतका जुना आहे. १९०८ सालच्या नोबेल पारितोषिकात त्याचा अर्धा वाटा होता.

हे पहारेकरी आपल्याकडेही आहेत, आणि रोजची बहुतेक कामं तेच उरकतात. त्यांना जंतूंच्या काही ठराविक खुणा जन्मतःच ठाऊक असतात. पण ते माणसं ओळखत नाहीत, नुसते गणवेश ओळखतात. कालचा चोर आज परत आला तर त्याचा चेहरा त्यांच्या लक्षात नसतो.

आणि आपल्या अंगात कुणाच्या तरी लक्षात असतो, हे तर नक्की. फेरो बेटांवर १८४६ साली गोवराची मोठी साथ आली. तिथे गेलेल्या पीटर पॅनम या तरुण डॅनिश डॉक्टरला दिसलं की काही म्हाताऱ्या मंडळींना गोवर शिवतसुद्धा नाही. ही तीच मंडळी होती ज्यांना १७८१ सालच्या साथीत, लहानपणी, गोवर येऊन गेला होता. मधे ६५ वर्षं त्या बेटांवर गोवर नव्हता. ६५ वर्षं कुठल्यातरी पेशींनी तो एक चेहरा लक्षात ठेवला होता! (आणि मी चष्मा कुठे ठेवला ते मला दहा मिनिटं आठवत नाही.)

या लक्षात ठेवणाऱ्या पेशींचा पत्ता लागला तो कोंबड्यांमुळे, आणि ही गोष्ट मला फार आवडते. कोंबडीच्या शेपटाखाली एक छोटी पिशवी असते. पाडुआच्या फॅब्रिशियसने तिचं वर्णन केलं, ते त्याच्या मृत्यूनंतर १६२१ साली छापलं गेलं, म्हणून ती 'बर्सा ऑफ फॅब्रिशियस'. पुढे तीनशे वर्षं तिचा उपयोग काय हे कुणाला कळलं नाही. १९५० च्या दशकात अमेरिकेत ओहायोमध्ये ब्रूस ग्लिक नावाच्या विद्यार्थ्याने कोंबडीच्या पिल्लांची ही पिशवी काढून पाहिली. काहीच झालं नाही, कोंबड्या छान वाढल्या. मग टिमथी चँग या त्याच्या मित्राला वर्गात प्रात्यक्षिक दाखवायला कोंबड्या हव्या होत्या, त्या त्याने ग्लिककडून घेतल्या. सॅल्मोनेला टोचायचा, रक्तात अँटीबॉडी तयार झालेल्या दाखवायच्या, इतका साधा प्रयोग. तो फसला! काही कोंबड्यांमध्ये अँटीबॉडी आल्याच नाहीत. पाहतात तर त्या नेमक्या पिशवी काढलेल्या. दोघांनी लेख लिहिला, मोठ्या नियतकालिकाने तो परत पाठवला, आणि १९५६ साली तो 'पोल्ट्री सायन्स'मध्ये छापून आला. म्हणजे कोंबडीपालनाच्या मासिकात. पुढे १९६५ साली मॅक्स कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोंबड्यांवरच दाखवून दिलं की या सैन्याच्या दोन पलटणी आहेत. एक बर्सात तयार होणारी, म्हणून 'बी-पेशी', त्या अँटीबॉडी बनवतात. दुसरी छातीतल्या थायमस ग्रंथीत तयार होणारी, म्हणून 'टी-पेशी'. आपल्याला बर्सा नाही, आपल्या बी-पेशी हाडांच्या मज्जेत होतात. पण नावातला 'बी' कोंबडीचाच. या कूपर यांना विसरू नका, ते पुढे परत येणार आहेत.

आता खरा पेच. जगात जंतू अगणित, आणि रोज नवे होतात. प्रत्येकाला ओळखणारी वेगळी अँटीबॉडी हवी. आणि आपल्याकडे एकूण जनुकं किती, तर सुमारे २० हजार. मग हे जमतं कसं? स्वित्झर्लंडमध्ये बासेलला काम करणाऱ्या सुसुमु तोनेगावा या जपानी शास्त्रज्ञाने १९७६ साली याचं उत्तर दिलं. त्यांनी उंदराच्या गर्भातला डीएनए आणि अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशीतला डीएनए शेजारी ठेवून पाहिला. दोन्ही सारखे नव्हते. बी-पेशी मोठी होताना स्वतःचा डीएनए कापते, मधलं टाकून देते आणि उरलेले तुकडे परत जोडते. १९८७ चं नोबेल त्यांना एकट्यांना मिळालं.

हे आईला सांगायला मला गोधडीइतकं सोपं दुसरं काही सापडलं नाही. समज, तुझ्याकडे चिंध्यांची तीन गाठोडी आहेत. पहिल्यात सुमारे ४० तुकडे, दुसऱ्यात २३, तिसऱ्यात ६. डोळे मिटून प्रत्येकातून एक काढायचा आणि तिन्ही जोडायचे. नुसत्या एवढ्यातच साडेपाच हजार तऱ्हा झाल्या. अँटीबॉडीचा दुसरा, लहान भाग असाच वेगळा शिवायचा, की तऱ्हा लाखांत गेल्या. आणि वर जोडताना कडा नीट न जुळवता कुठे दोन धागे काढायचे, कुठे चार घालायचे, अगदी मनाला येईल तसे. इथे मात्र आकडा अब्जांच्या पलीकडे जातो. सगळ्यात जास्त वैविध्य असतं ते जोडाच्या जागी.

"म्हणजे सांध्यातच सगळी मेख," आई म्हणाली. मला हे सुचलं नव्हतं.

पण तिला पुढे काय म्हणायचं होतं तेही माझ्या लक्षात आलं. डोळे मिटून! या पेशींना जंतू बघून अँटीबॉडी बनवता येत नाही. आधी वाट्टेल तशा बनवायच्या, मग जी जंतूला बसेल तिची फौज वाढवायची, आणि साथ ओसरली की त्यातल्या थोड्या आठवण म्हणून ठेवायच्या. किल्ली कुलूप पाहून घडवलेली नसते. अब्जावधी किल्ल्या आधीच घडवून ठेवलेल्या असतात.

आणि हे सगळं प्रत्येक जिवाला पहिल्यापासून करावं लागतं. आईला गोवर येऊन गेला म्हणून मुलाच्या पेशींना तो आठवत नाही. शिवलेली गोधडी वारशाने मिळत नाही, गाठोडी तेवढी मिळतात. म्हणून तर सुरुवातीच्या दिवसांसाठी आया आपल्या अँटीबॉडी उसन्या देतात. माणसात त्या वारेतून बाळाकडे जातात, शिवाय अंगावरच्या दुधातून मिळतात. कोंबडी अंड्याच्या बलकात घालून ठेवते. गाई-म्हशींमध्ये मात्र वारेतून काहीच जात नाही. वासरू जवळजवळ मोकळ्या हाताने जन्माला येतं आणि त्याचं सगळं भांडवल पहिल्या चिकात असतं. तेही साधारण पहिल्या दिवसाच्या आत पोटात जायला हवं, नंतर आतड्यातून त्या अँटीबॉडी रक्तात जाईनाशा होतात. आमचे आजोबा वासराचं पोट भरल्याशिवाय खरवसाचं नाव काढू द्यायचे नाहीत. त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं, पण नियम पक्का होता. खरवस मला आजही आवडतो. पण वड्या पाडताना वासराची आठवण येतेच.

असो. गोधडीकडे परत येऊ. ही डीएनए कापणारी कात्री कुठून आली?

कात्री म्हणजे 'रॅग-१' आणि 'रॅग-२' नावाची दोन प्रथिनं. त्यांची जनुकं १९८९ आणि १९९० मध्ये सापडली, आणि तेव्हापासूनच शास्त्रज्ञांना त्यांच्याबद्दल एक संशय होता. आपल्या डीएनएत काही भुरटे रहिवासी असतात. स्वतःला कापून घेतात आणि दुसरीकडे जाऊन बसतात. बार्बरा मॅक्लिंटॉक यांना मक्याच्या दाण्यांचे रंग अभ्यासताना १९४० च्या दशकात ही उडी मारणारी जनुकं दिसली होती. लोकांनी मनावर घ्यायला वर्षं लागली आणि नोबेल मिळालं ते १९८३ मध्ये. रॅगची कापण्याची पद्धत हुबेहूब अशा भुरट्यांसारखी आहे. १९९८ साली येल विद्यापीठात डेव्हिड शॅट्झ यांच्या प्रयोगशाळेत अलका अग्रवाल आणि क्विन ईस्टमन यांनी परीक्षानळीत दाखवलं की रॅग अजूनही, संधी मिळाली तर, डीएनएचा तुकडा उचलून दुसरीकडे घुसवू शकतं. त्याच वर्षी अमेरिकेतल्याच आणखी एका गटालाही हेच दिसलं. जुनी खोड गेलेली नाही! २०१६ मध्ये चिनी शास्त्रज्ञांना अँफिऑक्ससमध्ये या भुरट्याचा नातेवाईक सापडला, रॅग-१ आणि रॅग-२ सारखी दोन जनुकं शेजारीशेजारी, आणि दोन्ही टोकांना उडी मारणाऱ्या जनुकाच्या खुणा. अँफिऑक्सस म्हणजे तो वाळूत डोकं बाहेर काढून बसणारा बोटभर प्राणी. झूलॉजीवाल्यांना जर्नलमध्ये काढलेली त्याची आकृती आठवत असेल. माझी नेहमी माशापेक्षा भेंडीसारखी दिसायची.

तर कथा अशी बनते. साधारण ५० कोटी वर्षांपूर्वी, समुद्रातल्या कुठल्यातरी माशासारख्या पूर्वजात, एक भुरटं जनुक पहारेकऱ्याच्या जनुकात येऊन पडलं आणि त्याचे दोन तुकडे झाले. तुकडे परत जोडल्याशिवाय ते जनुक चालेना. जोडायची कात्री-सुई त्या भुरट्याकडेच होती. हळूहळू तोच कामाला लागला. आज जबडा असलेल्या प्रत्येक प्राण्याकडे, मालवणच्या बाजारातल्या मोरीपासून (म्हणजे शार्क हो) बेडूक, पाल, कोंबडी आणि माझ्या आईपर्यंत, हीच उसनी कात्री चालते.

जबडा असलेल्या. कारण जबडा नसलेले मासेही आहेत, लॅम्प्री. तोंड म्हणजे दातेरी वाटी, ती दुसऱ्या माशाला चिकटवायची आणि रक्त प्यायचं. त्यांची वाट आपल्यापासून ५० कोटी वर्षांपूर्वीच फुटली. १९६० च्या दशकापासून कोडं होतं की लॅम्प्रीला जंतू लक्षात राहतात, दुसऱ्याची कातडी लावली तर ती नाकारते, पण तिच्यात आपल्यासारखी अँटीबॉडीची जनुकं काही केल्या सापडत नाहीत. रॅगही नाही. २००४ साली झीव्ह पँसर आणि सहकाऱ्यांना उत्तर मिळालं, आणि त्या गटाचे प्रमुख होते तेच कोंबड्यांवाले मॅक्स कूपर, ३९ वर्षांनंतर! लॅम्प्रीने वेगळंच कापड वापरलं होतं. वेगळ्या प्रथिनाचे तुकडे, वेगळं अवजार, घोड्याच्या नालेसारखा वेगळा आकार. पण युक्ती तीच: थोडे तुकडे घ्या, डोळे मिटून जोडा, असंख्य तऱ्हा करा, बसेल ती वाढवा. पुढे तिच्यातही दोन पलटणी निघाल्या, एक बी-सारखी, एक टी-सारखी.

मी हे वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बसले. एकमेकांना न विचारता दोन घराण्यांनी एकाच निष्कर्षाला यावं, तेही डोळे मिटून शिवण्याच्या! म्हणजे अनोळखी शत्रूसाठी आधीच तयारी करायची तर बहुधा आंधळेपणाला फारसा पर्याय नसावा, असं आपलं माझं मत.

आणि आंधळेपणाने शिवलं की काही गोधड्या आपल्याच माणसाचा गळा आवळणाऱ्या निघणार. पॉल एर्लिख यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच या शक्यतेला 'हॉरर ऑटोटॉक्सिकस' असं भयंकर नाव देऊन ठेवलं होतं, आणि शरीर ते होऊ देत नसणार असं त्यांना वाटत होतं. शरीर खरोखर आटोकाट प्रयत्न करतं. थायमस ही मोठी कडक शाळा आहे. तिथे शरीरातल्या बहुतेक सगळ्या अवयवांच्या प्रथिनांचे नमुने मांडून ठेवलेले असतात, स्वादुपिंडातलं इन्सुलिनसुद्धा. जी टी-पेशी आपल्याच नमुन्यावर तुटून पडेल तिला मरावं लागतं. जी काहीच ओळखत नाही तिलाही. शंभरातल्या जेमतेम दोन ते पाच पेशी बाहेर पडतात. बी-पेशींचीही मज्जेत अशीच छाननी होते. तरी काही निसटतात. म्हणून बाहेर आणखी एक पोलीसदल असतं, आपल्यातल्याच उपद्व्यापींना आवरणाऱ्या टी-पेशींचं. शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये ते ओळखून दाखवलं, आणि त्यांना मेरी ब्रन्को व फ्रेड रॅम्सडेल यांच्याबरोबर २०२५ चं नोबेल मिळालं.

ती बातमी आली त्या संध्याकाळी मी आईला फाईल काढायला लावली. तिच्या पहिल्या रिपोर्टवर लिहिलंय, 'आरए फॅक्टर पॉझिटिव्ह'. हा आरए फॅक्टर म्हणजे काय माहितीये? अँटीबॉडीवर चाल करणारी अँटीबॉडी! आपल्याच किल्लीला कुलूप समजणारी किल्ली. ती शिवली गेली तेव्हा कुणी पाप मोजत नव्हतं, मनात काय साठवलंय ते पाहत नव्हतं. काही घराण्यांत ही शक्यता जास्त असते, बायकांमध्ये पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट असते, तंबाखूच्या धुरानेही वाढते. बाकी सोडत. रोज नव्या पेशी होतात, रोज गाठोड्यांतून हात फिरतो, रोज छाननी होते, आणि कधीतरी एखादी निसटते.

"म्हणजे मी काही केलं नाही," आई म्हणाली. प्रश्न नव्हता तो. थोड्या वेळाने म्हणाली, "वन्संनाही सांग एकदा नीट." आमची आत्या अजून अधूनमधून गुळवेलीची बाटली पाठवते. तिच्या मायेबद्दल शंकाच नाही. पण आत्या, तू हे वाचत असशील तर ऐक, ज्याचं सैन्य आधीच घरात घुसून तोडफोड करतंय त्याला जादा दारूगोळा पाठवू नये. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांचा अहवाल छापला होता. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, तो वाद आपण बाजूला ठेवू. तू चकल्या पाठव.

आईने आणखी एक विचारलं होतं. असलं बेभरवशी सैन्य मोडूनच का टाकू नये? तर एका प्राण्याने जवळजवळ तेही केलंय. खोल समुद्रात अँग्लरफिश असतो, डोक्यावर कंदील घेऊन फिरणारा. कंदील मादीकडे. तिच्या काही जातींत नर अगदी चिमुकला असतो. तो मादीला चावतो आणि तिथेच तिच्या अंगात विरघळल्यासारखा मिसळून जातो, रक्तवाहिन्यासुद्धा एक होतात. आपल्याकडे दुसऱ्याचं मूत्रपिंड बसवलं तर जन्मभर औषधं घ्यावी लागतात, आणि ही बाई अख्खा नवरा अंगावर बसवून घेते! २०२० मध्ये जर्मनीत फ्रायबुर्गच्या थॉमस बोएम यांच्या गटाने यांची जनुकं तपासली. ज्या जाती अशा कायमच्या जोडल्या जातात त्यांनी या सैन्याची महत्त्वाची जनुकं गमावलेली आहेत. काहींच्यात तर कात्रीच, म्हणजे रॅगच, गेलेलं. तरी ते जगतात.

आपल्याला ते परवडत नाही. ज्या बाळांच्यात रॅग बिघडलेलं असतं त्यांच्यात बी-पेशीही होत नाहीत आणि टी-पेशीही नाहीत. दुसऱ्याची मज्जा मिळाली नाही तर ती बहुधा पहिल्या एक-दोन वर्षांतच जातात. तेव्हा मोडायचं नाही, आवरायचं. आईची रविवारची गोळी तेच करते. आणि मधली एक वाट २०२२ मध्ये जर्मनीतच, एर्लांगनला, निघाली. ल्युपस हा असाच उलटलेल्या सैन्याचा आजार. कुठल्याच औषधाला दाद न देणाऱ्या पाच जणांच्या टी-पेशी काढून, बदलून, परत सोडल्या, आणि त्यांच्याकरवी सगळ्या बी-पेशी पुसून टाकल्या. (कॅन्सरसाठी हीच तऱ्हा आपल्याकडे आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलने मिळून विकसित केली, तिला २०२३ मध्ये मान्यता मिळाली.) तीन महिन्यांत पाचही जणांचा आजार शमला. मग सरासरी ११० दिवसांनी बी-पेशी पुन्हा दिसू लागल्या. मज्जेतून आलेल्या, कोऱ्या. आणि अहवाल लिहीपर्यंत तरी आजार परतला नव्हता.

आईला यातलं काही लागणार नाही, तिचं गोळीवर भागतं. पण ते ११० दिवस तिला फार आवडले.

"नव्या आल्या त्याही त्याच कात्रीने बेतलेल्या ना?"

"त्याच."

"डोळे मिटूनच?"

"डोळे मिटूनच."

"आणि या खेपेला नीट बसल्या."

"आतापर्यंत तरी," मी म्हटलं.